पंखा ओढणारा

आम्ही दहा-बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसून एखादे पुस्तक सावकाश, रेंगाळत वाचतो. पुस्तक इंग्रजी असले की मूळ परिच्छेद मी आधी मोठ्याने वाचते आणि लगेच तोच मराठीत सांगते. लेखी अनुवादात शब्द फिरवून पाहायला, खोडायला सवड असते; इथे ती नसते, जे तोंडी येते ते पुढे जाते. त्या संध्याकाळी ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’मधला खटल्याचा प्रसंग आला होता. कोर्टातला उकाडा, खच्चून भरलेली माणसे, आरोपीच्या जागी डॉक्टर अझीझ, आणि त्यांच्यावर आरोप करणारी इंग्रज तरुणी ॲडेला क्वेस्टेड. मी सांगत होते, “मिस क्वेस्टेड आत आल्या. त्यांची नजर सर्वांत आधी गेली ती पंखा ओढणाऱ्या माणसाकडे. तो जवळजवळ उघडाच होता. मागच्या बाजूला एका उंचवट्यावर बसून तो दोरी ओढत होता. समोर मॅजिस्ट्रेट दास बसले होते…” एवढ्यात एरवी एक शब्दही न बोलणाऱ्या एका मुलीने हात वर केला. “ताई, बाई आल्या, साहेब बसले होते, मग हाच एकटा ‘तो’ का?”

मी म्हणाले, “मराठीत तसेच म्हणतात.”

ती “हो” म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात पाहू लागली. त्या ‘हो’मध्ये राग नव्हता, टोमणा नव्हता, उत्तर मिळाल्याचे समाधानही नव्हते. वाचन पुढे सुरू राहिले, अझीझची सुटका झाली, सगळे आपापल्या घरी गेले. मी मात्र त्या ‘हो’पाशी अडकून पडले. रात्री मूळ मजकूर पुन्हा उघडला. इंग्रजीत मॅजिस्ट्रेटसाठी जे सर्वनाम होते तेच दोरी ओढणाऱ्यासाठीही होते. लेखकाने व्याकरणात तरी दोघांना एका पातळीवर ठेवले होते. त्यांच्यात जी पायरी तयार झाली, ती माझ्या तोंडून तयार झाली होती, आणि ती करताना मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता.

आता हे जरा जवळून पाहायला हवे. फॉर्स्टर यांनी त्या माणसासाठी जवळजवळ एक पूर्ण परिच्छेद खर्च केला आहे. तो देखणा आहे, देवासारखा घडवलेला आहे. त्या शहरातल्या किरकोळ अंगाच्या माणसांमध्ये उठून दिसतो. शहराच्या उकिरड्यावर पोसला गेला आहे आणि उकिरड्यावरच संपणार आहे. सगळे कामकाज जणू त्याच्या हातातल्या दोरीवर चालले आहे असे ॲडेलाला वाटते. त्याच्याकडे पाहता पाहता तिच्या मनात पहिल्यांदा शंका डोकावते की, आपण आणि आपली माणसे जगात स्वतःला एवढे महत्त्व कोणत्या हक्काने घेतो? कादंबरीतला एक मोठा सांधा या निनावी माणसाच्या खांद्यावर तोललेला आहे. मात्र त्याच परिच्छेदात लेखक असेही सांगतो की, या माणसाला आपण अस्तित्वात आहोत याचीही धड जाणीव नाही, कोर्ट आज भरलेले का आहे हे त्याला कळत नाही, ते भरलेले आहे हेही कळत नाही. आपण पंखा हलवतो हेदेखील त्याला ठाऊक नाही, आपण दोरी ओढतो एवढेच त्याला वाटते. पूर्वी मी ही वाक्ये त्यांच्या लयीसाठी वाचली होती आणि त्यांच्यावर खूश झाले होते. या वेळी मला विचारावेसे वाटले की, हे लेखकाला कसे कळले? अझीझच्या मनात लेखक शिरतो, त्याचा इंग्रज मित्र फील्डिंग याच्या शिरतो, म्हाताऱ्या मिसेस मूरच्या तर अगदी खोल शिरतो. या एका माणसाच्या मनाच्या दारापाशी येऊन, दार न वाजवता, ‘आत कोणी नाही’ असे सांगून तो परत फिरतो.

फॉर्स्टर हे काही तुच्छतेने लिहिणारे लेखक नव्हते, आणि म्हणूनच ही गोष्ट अधिक लागते. हिंदुस्थानावर त्यांचे प्रेम होते. १९२१ मध्ये देवासच्या मराठा संस्थानात ते महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून राहून गेले होते. १९२४ मध्ये आलेल्या या कादंबरीने राज्यकर्त्यांच्या क्लबातला कोतेपणा निर्दयपणे उघडा पाडला. त्याच खटल्यात गोरी मंडळी आपल्या खुर्च्या उचलून थेट व्यासपीठावर जाऊन बसतात, कलकत्त्याहून आलेले वकील अमृतराव त्याला हरकत घेतात आणि सगळ्यांना पुन्हा खाली उतरावे लागते. खुर्च्यांच्या त्या चढ-उतारात राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातला सगळा ताण इतका नेमका पकडला आहे की, तिथे तोफा-बंदुकांची गरज भासत नाही. बाहेरचा जमाव मिसेस मूरच्या नावाचा घोष करतो आणि ते नाव लोकांच्या तोंडात ‘एस्मिस एस्मूर’ होऊन जाते, एखाद्या देवीसारखे. तिचा मुलगा रॉनी ते ऐकून अस्वस्थ होतो. आईचे नाव त्याच्या हातातून निसटून लोकांचे झालेले असते. नावाचे मोल ज्याला इतके कळते, त्याच लेखकाच्या त्याच प्रकरणात पंखा ओढणाऱ्याला नाव मिळत नाही.

लहानपणी माझ्याकडे ‘रॉबिन्सन क्रूसो’ची मुलांसाठी केलेली एक संक्षिप्त मराठी आवृत्ती होती. तिची पाने सुटी झाली होती आणि मुखपृष्ठावरच्या दाढीवाल्या क्रूसोच्या डोक्यावर पाण्याचा डाग पडला होता. मी आणि माझा धाकटा भाऊ क्रूसोचा खेळ खेळायचो. पलंग म्हणजे बेट, चादर म्हणजे समुद्र. क्रूसो नेहमी मीच व्हायचे, कारण पुस्तक माझे होते आणि वाचायला मला येत होते. भाऊ फ्रायडे. त्याने गुडघे टेकून माझा पाय उचलून आपल्या डोक्यावर ठेवायचा आणि मला ‘मालक’ म्हणायचे, असा नियम होता. तो नियम मी केला नव्हता, पुस्तकातच होता. मी त्याला ‘तू’ म्हणायचे आणि तो मला ‘तुम्ही’. एकदा तो रडवेला होऊन म्हणाला, “आज तू फ्रायडे हो ना.” मी म्हणाले होते, “तुला गोष्ट माहीत नाही.” त्याला गोष्ट खरोखरच माहीत नव्हती, जेवढी मी सांगायचे तेवढीच माहीत होती.

पुढे मूळ कादंबरी वाचली तेव्हा ती जागा नीट लक्षात आली. १७१९ ची कादंबरी आहे. क्रूसो त्या माणसाला वाचवतो तो वार शुक्रवार, म्हणून त्याचे नाव फ्रायडे. तुझे नाव काय, असे तो विचारत नाही. भाषा येत नसेल, पण छातीवर हात ठेवून स्वतःचे नाव सांगणे आणि समोरच्याकडे बोट दाखवणे, एवढे तर लहान मूलही करते. क्रूसो त्याला ‘मालक’ हा शब्द शिकवतो आणि हे माझे नाव आहे असे सांगतो. म्हणजे एकाचे नाव पुसले जाते आणि दुसरा आपले खरे नाव सांगतच नाही, त्याच्या जागी हुद्दा सांगतो. त्या बेटावर दोनच माणसे आहेत आणि दोघेही एकमेकांना खऱ्या नावाने ओळखत नाहीत. वसाहतींच्या साहित्यातला सगळा पुढचा संघर्ष मला या एका पानात दिसतो. जमिनीची मोजणी, करवसुली, फौजफाटा हे नंतर येते. आधी येते ते हाक मारणे.

मराठीने या आलेल्या माणसांना काय हाक मारली होती? अठराव्या शतकाच्या आरंभी, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, ते ‘टोपीकर’ आहेत. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे सगळे टोपीकर सावकारी करतात, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राज्यकर्ते धनी आहेत, असा सावधगिरीचा इशारा तिथे दिलेला आहे. टोपीकर या शब्दात पाहणारा जमिनीवर पक्का उभा आहे आणि समुद्रावरून आलेल्या माणसाच्या डोक्यावरची परकी वस्तू तो निरखतो आहे. शंभर वर्षांत तो शब्द मागे पडला आणि ‘साहेब’ आला. साहेबाकडे खालून वर पाहावे लागते. दोन शब्दांमधला हा प्रवास कोणत्याही इतिहासग्रंथाइतकाच बोलका आहे, आणि तो आपल्याच तोंडात झाला आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शब्दाशी अडले की मी आजही मोल्सवर्थ उघडते. कंपनीच्या एका लष्करी अधिकाऱ्याने केलेला हा कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली १८५७ मध्ये, ज्या वर्षी उत्तरेत कंपनीच्या राज्याविरुद्ध उठाव पेटला होता त्याच वर्षी. खेड्यापाड्यांतले, बलुतेदारांच्या तोंडचे, बायकांच्या बोलण्यातले असंख्य शब्द त्या कोशाने राखून ठेवले. ते नसते तर आपल्याच आजी-पणजीचे बोलणे आपल्याला परके झाले असते. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे त्या मुलीने विचारलेला प्रश्न मी इथे लिहिला आणि त्याच्यापुढे जे प्रश्नचिन्ह काढले, तेही त्यांच्याच काळातून आलेले आहे. हे वाक्य लिहिताना मी ‘कँडी यांना’ असे लिहिले, ‘कँडीला’ असे लिहिले नाही, हेही माझ्या नजरेतून सुटत नाही. ऋण खरे आहे आणि बोचही खरी आहे. एकीने दुसरी फिटत नाही.

शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकातला बेटावरचा गुलाम कॅलिबन आपला मालक प्रॉस्पेरो आणि त्याची मुलगी मिरांडा यांना सांगतो की, तुम्ही मला भाषा शिकवलीत, तिचा मला झालेला लाभ एवढाच की मला शिव्याशाप देता येऊ लागले. या ओळीवर जगभरच्या वसाहतींतले लेखक पुन्हा पुन्हा येऊन थांबले आहेत. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरच्या एमे सेझेर यांनी १९६९ मध्ये ते नाटक नव्याने लिहिले. त्यातला कॅलिबन शिव्या देऊन थांबत नाही. तो म्हणतो, मला यापुढे कॅलिबन म्हणू नकोस, मला ‘एक्स’ म्हण, ज्याचे नाव चोरीला गेले आहे अशा माणसासारखे. हे वाचताना मला दरवेळी धस्स होते, कारण तो नवे सुंदर नाव मागत नाही. चोरीची जागा रिकामीच दिसली पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. आमच्याकडे इंग्रजी भाषेला वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात पडला आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव त्याला चिकटले. मला हे रूपक कॅलिबनच्या वाक्यापेक्षाही अवघड वाटते. शिवी बाहेर थुंकता येते. दूध अंगात भिनते, आणि ते पाजणारी वाघीण असते.

अनामिकपणाची आणखी एक बाजू आहे, आणि ती आठवली की माझे मन जरा उभारी धरते. नाव न घेणे हे नेहमी वरच्याच माणसाच्या हातात असते असे नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. विराटाच्या दरबारातली गोष्ट, महाभारतातली, सगळ्यांना पाठ असलेली. कीचक सैरंध्रीवर हात टाकतो आणि भीम त्याला मारतो. नाटकात कुठेही इंग्रज नाही, व्हाइसरॉय नाही, बंगालची फाळणी नाही. तरीही थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कळत होते की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हा देश, संयमाचा उपदेश करणारा युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि मुठी आवळणारा भीम म्हणजे जहाल. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या पुस्तकात या नाटकाविषयी चडफड आहे ती याचीच: नाव कुठेच उच्चारले जात नाही आणि तरी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी, १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याचा आधार घेऊन, सरकारने नाटकावर बंदी घातली. सरकारची अडचण मला फार अर्थपूर्ण वाटते. बंदी घालायची तर आधी मान्य करावे लागते की, तो कीचक म्हणजे आमचाच माणूस.

खाडिलकरांनी महाभारतातून नेमके विराटपर्व निवडले, यामागची जाण मला अलीकडे अधिक जाणवते. अज्ञातवासाचे ते वर्ष आहे. त्या वर्षी कोणीही आपल्या खऱ्या नावाने वावरत नाही. भीम बल्लव आहे, युधिष्ठिर कंक आहे, अर्जुन बृहन्नडा आहे, राणी दासी झाली आहे. कोणाच्याही दरबारात मान खाली घालून वावरायचे, हाक येईल त्या नावाला ओ द्यायची आणि आत आपले खरे नाव जपून ठेवायचे. परक्या सत्तेखाली जगणाऱ्या सुशिक्षित माणसाची दिनचर्या याहून वेगळी काय होती? दिवसा कचेरीत ‘येस सर’, रात्री नाटकाला. टाळ्यांच्या कडकडाटात प्रत्येक जण आपले खरे नाव क्षणभर उच्चारून घेत असणार.

बंगालमध्ये हे त्याआधीच घडले होते. दीनबंधू मित्रांचे ‘नीलदर्पण’ १८६० मध्ये ढाक्यात छापले गेले, तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते. मित्र सरकारी टपालखात्यात नोकरीला होते; निळीच्या मळेवाल्यांनी रयतेवर केलेल्या जुलमाबद्दल उघड नावाने लिहिणे त्यांना परवडणारे नव्हते. स्वतःचे नाव झाकणाऱ्या या लेखकाने नाटकातल्या एका गोऱ्या मळेवाल्याचे नाव मात्र ठेवले ‘रोग’. बंगालीत या शब्दाचा अर्थ मराठीतल्यासारखाच. पुढच्या वर्षी इंग्रजी भाषांतर निघाले, त्यावर भाषांतरकार म्हणून छापले होते केवळ ‘एक नेटिव्ह’. मळेवाल्यांनी बदनामीचा खटला भरला. भाषांतर प्रसिद्ध करण्याची जबाबदारी जेम्स लाँग या मिशनऱ्याने स्वतःवर घेतली. भाषांतरकाराचे नाव त्याने सांगितले नाही. त्याला एक महिना कैद आणि एक हजार रुपये दंड झाला, आणि दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंहांनी तिथेच भरली. या प्रसंगावर मी पुष्कळदा विचार करते. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा, त्यांच्याच धर्माचा एक माणूस प्रजेतल्या एकाचे नाव तोंडात धरून ठेवतो आणि त्यासाठी तुरुंगात जातो. क्रूसोने जे विचारलेही नव्हते, ते लाँगने जपले. राज्यकर्ते आणि प्रजा अशी सरळ रेघ ओढून मी जेव्हा जेव्हा स्वस्थ बसू पाहते, तेव्हा हा मिशनरी ती रेघ पुसट करून जातो.

रेघ दुसऱ्या टोकालाही पुसट होते. जॉर्ज ऑर्वेल ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होते. हत्ती मारण्याच्या प्रसंगावर त्यांनी १९३६ मध्ये लिहिलेला निबंध मला अनेक जाड कादंबऱ्यांपेक्षा खरा वाटतो. हातात बंदूक, मागे दोन हजारांचा जमाव, समोर शांत झालेला, गवत उपटून खाणारा हत्ती. त्याला मारू नये हे साहेबाला स्पष्ट कळते आहे आणि तरी तो मारतो, कारण लोक हसतील. सत्ता हातात असलेला माणूस आपल्या सत्तेच्याच दोऱ्यांनी बांधला जातो, हे ऑर्वेल स्वतःला जराही न वाचवता सांगतात. मात्र त्या हत्तीने चिखलात चिरडलेला एक माणूस आहे, दक्षिण हिंदुस्थानातून आलेला एक हमाल. शेवटी लेखक कबूल करतो की, तो माणूस मेला याचा आपल्याला आनंद झाला, कारण त्यामुळे हत्ती मारणे कायद्यात बसले. एवढी भीषण कबुली देण्याचे धैर्य असलेल्या निबंधातही त्या हमालाला नाव नाही. कदाचित ऑर्वेल यांना ते कधी समजलेच नसेल. हत्तीचा मरणाचा अर्धा तास मात्र इतक्या जवळून आला आहे की वाचताना पुस्तक खाली ठेवावे लागते.

नाव काढून घेण्याचा सर्वांत थंड हिशेब मला नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’च्या शेवटी भेटला. १९५८ ची ही कादंबरी पंचवीस प्रकरणे ओकोंक्वोबरोबर चालते. त्याचे कष्ट, त्याचा संताप, त्याचा अहंकार, त्याचे बापाबद्दलचे लाजिरवाणे मौन, सगळे आपल्याला ठाऊक होते. शेवटी तो झाडाला लटकलेला सापडतो. मित्र ओबिएरिका गोऱ्या अधिकाऱ्याला सुनावतो की, हा माणूस आमच्या गावातल्या मोठ्या माणसांपैकी एक होता आणि तुम्ही त्याला मरायला लावलेत. अधिकारी परत जाताना मनात ठरवतो की, आपण लिहीत असलेल्या पुस्तकात ही हकिकत घेता येईल. पूर्ण प्रकरण नाही, पण एक बऱ्यापैकी परिच्छेद होईल. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्या अधिकाऱ्याचा राग आला होता. खूप नंतर लक्षात आले की, या कादंबरीत मिशनऱ्यांना नावे आहेत, ब्राऊन आहे, स्मिथ आहे, आणि जो ओकोंक्वोला एका परिच्छेदात बसवायला निघाला आहे त्याला मात्र अचेबे यांनी नाव दिलेले नाही. तो शेवटपर्यंत डिस्ट्रिक्ट कमिशनर आहे. आपला हुद्दा म्हणजेच आपले नाव असे क्रूसोने फ्रायडेला शिकवले होते. अचेबे यांनी त्या अधिकाऱ्याला त्याच हुद्द्यात कायमचे बंद करून टाकले.

मग पंखा ओढणाऱ्याचे काय?

त्या मुलीच्या प्रश्नात एक अधिक अवघड प्रश्न होता आणि त्यापासून मी बराच वेळ दूर पळत होते. कोर्टातल्या त्या प्रसंगात वकील अमृतराव आहेत, हमीदुल्ला आहेत, मॅजिस्ट्रेट दास आहेत. सगळे जित, म्हणजे जिंकले गेलेले आहेत, सगळ्यांना नावे आहेत आणि कोणीही त्या माणसाकडे वळून पाहत नाही. त्याच्याकडे बघते ती एकटी परकी बाई. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. परक्या सत्तेच्या आगमनात त्यांना शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची एक फट दिसली. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी ऐषआरामात गुंग असलेल्या गोऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनाही सोडले नाही. फुले वाचल्यावर ‘जेते आणि जित’ ही जोडी मला तशीच्या तशी वापरता येत नाही. दोरी कोणाच्या हातात आणि वारा कोणाला, हे आधी विचारावे लागते. वारा तर गोऱ्यांनाही लागत होता आणि दासांनाही. माझ्या तोंडून जो ‘तो’ निघाला, तो साहेबाने शिकवलेला नव्हता. साहेब येण्याच्या कितीतरी आधीपासून तो तोंडात होता.

१९३५ मध्ये मुल्कराज आनंदांची ‘अनटचेबल’ प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाला नाव आहे: बाखा. गोऱ्या शिपायांच्या जुन्या कपड्यांचा त्याला सोस आहे. रस्त्याने जाताना आपण येत आहोत हे त्याला ओरडून सांगावे लागते, आणि त्या ओरडण्यात नाव नसते, जात असते. एका दिवसाची गोष्ट आहे आणि तो पूर्ण दिवस वाचक बाखाच्या मनात असतो. या कादंबरीला प्रस्तावना आहे फॉर्स्टर यांची. पंखा ओढणाऱ्याच्या मनात कोणी नाही असे लिहिल्यानंतर अकरा वर्षांनी ते दुसऱ्याच्या पुस्तकाच्या दारात उभे राहून वाचकांना आत जायला सांगत होते. त्यांना तो जुना परिच्छेद आठवला होता का, याची माहिती मला कुठे मिळाली नाही. माझ्यापुरती मी ती दोन पुस्तके शेल्फात शेजारी शेजारी लावून ठेवली आहेत.

पुढच्या आठवड्याच्या वाचनाआधी मी खटल्याच्या प्रसंगाचा शेवटचा परिच्छेद मराठीत कसा सांगावा याची तयारी करत बसले होते. खटला संपतो, कोर्ट रिकामे होते, आणि पंखा ओढणारा ओढतच राहतो. समोर रिकामे व्यासपीठ, उलटलेल्या खुर्च्या आणि खाली उतरणारी धूळ. ‘ते पंखा ओढत राहिले’ असे म्हणून पाहिले. उसने वाटले, सभेत हार घातल्यासारखे. ‘पंखा हलत राहिला’ असे म्हणून पाहिले, तर माणूसच नाहीसा झाला. ‘तो’ ठेवावा म्हटले, कारण मराठीत जवळच्यालाही आपण ‘तो’ म्हणतो, देवालाही म्हणतो. पण मी तो जवळिकीने म्हटला नव्हता हे मला माहीत होते, आणि त्या मुलीलाही माहीत होते. शेवटी काहीच न ठरवता गेले. सगळे जमल्यावर तिच्याच हातात पुस्तक दिले आणि म्हणाले, “आज हा भाग तू सांग.”

तिने आधी इंग्रजी मजकूर मनात वाचला. बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही. मग बोटाने ओळ धरून, खालच्या आवाजात, ती सांगू लागली, “खटला संपला. मॅजिस्ट्रेट उठला. मिस क्वेस्टेड गर्दीत कुठेतरी गेली. वकील गेला, कलेक्टर गेला, त्याची बायको गेली. कोर्टात कोणी उरले नाही. तो बसला होता, आणि तो दोरी ओढत होता.”